पडवी मोठी, खोली लहान: झाडांमधलं घर बांधू पाहणाऱ्यांना

प्रश्न मुलुंडच्या एका जोडप्याचा आहे. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडी आत त्यांची सव्वा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. मधोमध एक जुना रायवळ आंबा, कडेला दोन जांभळी आणि ओढ्याच्या अंगाला ऐनाची पाच-सहा झाडं. त्यांना आंब्यावर झाडघर हवं आहे आणि शेजारी काचेच्या भिंतींची केबिन. सोबत स्वीडनमधल्या अशा घरांचे फोटो जोडले आहेत. विचारलंय ते असं: हे आपल्याकडे बांधता येईल का, आंब्याला इजा होईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

बांधता येईल, आणि देखणं बांधता येईल. फक्त ते त्या फोटोंसारखं दिसणार नाही. मुंबईत ऑफिस ठेवून सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकणात लहान घरं बांधण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपल्याकडचं रानातलं घर जुलै महिन्यासाठी बांधायचं असतं. जुलैत जे घर कोरडं, हवेशीर आणि बसावंसं वाटणारं राहतं, ते डिसेंबरात छान असतंच. उलटं मात्र होत नाही. म्हणून खोली लहान ठेवा, पडवी मोठी ठेवा, आणि घराचा भार आंब्यावर न टाकता ते आंब्याशेजारी स्वतःच्या पायांवर उभं करा. खाली जे लिहिलंय ती या सल्ल्याची कारणं आहेत.

आधी फोटोंबद्दल. स्वीडनच्या उत्तरेला हराड्स गावात २०१० साली ट्रीहॉटेल हे झाडांमधल्या खोल्यांचं हॉटेल सुरू झालं. तिथला आरशांचा चौकोन, प्रत्येक बाजू चार मीटरची, थाम आणि विडेगोर्ड या वास्तुविशारदांनी केला. आरशावर पक्षी आपटून मरू नयेत म्हणून काचेत माणसाला न दिसणारा पण पक्ष्यांना जाणवणारा थर घातला आहे. त्याच हॉटेलात २०२२ मध्ये आलेल्या खोलीला बाहेरून ३५० पक्षिघरटी लावली आहेत. ही कामं मला मनापासून आवडतात, पण ती थंडीला दिलेली उत्तरं आहेत. तिथे सूर्य खालून, तिरका येतो आणि तो घरात यावा अशी माणसाची इच्छा असते. भिंत जितकी बंद आणि जाड तितकी ऊब टिकते. मुरबाडला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तिथे काचेची बंद पेटी दुपारी अकरानंतर राहण्यालायक उरत नाही, मग एसी लागतो, एसीसाठी जनरेटर लागतो, आणि जी शांतता ऐकायला गेलात ती जनरेटरखाली दबते. शिवाय संध्याकाळी काचेत झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि बुलबुल, तांबट तिच्यावर येऊन आदळतात.

काचेची हौस असेल तर एक मोठी खिडकी उत्तरेला ठेवा, छपराच्या बाहेर आलेल्या खोल पाखाच्या सावलीत. बाकी तीन बाजूंना लाकडी झिलमिल्या, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या झडपा. अलिबागजवळ नांदगावला नारळीच्या बागेत वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने बांधलेलं पामायरा हाऊस (२००७) या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. लांबट अशा दोन लाकडी इमारती, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला ताडाच्या लाकडाच्या झिलमिल्या. ऊन गाळून आत येतं, समुद्रावरचा वारा आरपार जातो, रात्री आतला दिवा पट्ट्यापट्ट्यांनी बाहेर झिरपतो. वर्तमानकाळातलं घर आहे आणि कोकणाच्या हवेत रुजलेलं आहे. फोटो जोडायचे तर सुतारापुढे हे फोटो ठेवा.

आता आंबा. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण झाडघराच्या नावाखाली झाडांचं जितकं नुकसान होतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल, आणि ते करणारे लोक झाडावर प्रेम करणारेच असतात.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी आयुष्यभर हजारो खोडं चिरून दाखवून दिलं की झाड जखमी भागाभोवती आतून भिंत घालतं, तो भाग कायमचा वेगळा पाडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत पुढे जातं. म्हणजे पन्नास खिळे मारले तर पन्नास भिंती घालण्यात झाडाची ताकद जाते, आणि जखमा जवळजवळ असतील तर मधलं सगळं लाकूड एकदमच कुजतं. दोर किंवा तार खोडाला आवळून बांधणं त्याहून वाईट. झाडाचं अन्न सालीलगतच्या थरातून खाली मुळांकडे उतरतं. खोड दरवर्षी जाड होतं, तार होत नाही, आणि काही वर्षांत ती सालीत रुतून झाडाचा गळा आवळते. मुलांसाठी झोका बांधाल तेव्हाही फांदीवर रुंद पट्टा घ्या आणि दर पावसाळ्यानंतर त्याची जागा बदला.

झाडावरच घर टांगायचं असेल तर जगभरात आज जाड बोल्टची पद्धत मान्य आहे. ओरेगनमधल्या मायकेल गार्निये यांनी अभियंत्याच्या मदतीने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती विकसित केली. भरपूर लहान जखमांऐवजी एकच मोठी, स्वच्छ जखम, तिच्यात रुंद कॉलरचा पोलादी बोल्ट, आणि तुळई त्या बोल्टवर अशी ठेवायची की वाऱ्यात झाड डोललं तरी ती सरकू शकेल. पद्धत उत्तम आहे. तरीही तुमच्या आंब्यासाठी मी ती सुचवणार नाही.

कारण वाऱ्याचं गणित. बांधकामाच्या भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. रोज असा वारा सुटत नाही, पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या केल्या ते कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जुलैत जमीन चिंब भिजलेली असते, तेव्हा मुळांची पकड सैल असते. अशा वेळी बारा फुटांवर भिंती आणि छप्पर असलेलं घर झाडाला जोडलं तर वाऱ्याला ढकलायला एक मोठा पडदाच मिळतो. वजनही कमी नसतं. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलो भार धरायचा असतो, बाल्कनीसाठी ३००. दहा चौरस मीटरचं साधं झाडघर म्हणजे माणसं-सामानाचेच दोन टन, घराचं स्वतःचं वजन वेगळं. तरण्या, निरोगी, एकमेकांजवळच्या तीन-चार झाडांवर तो भार वाटता येतो. तुमचा आंबा एकटा आहे आणि म्हातारा आहे.

म्हणून चार किंवा सहा खांबांवरचा मंच उभा करा आणि आंब्याची एखादी फांदी त्याच्या जवळून किंवा मधून जाऊ द्या. आपल्या शेतकऱ्यांनी ज्वारी राखायला जो माळा बांधला, चार मेढी, वर फळ्या, गवताचं छप्पर आणि शिडी, तो याच विचाराचा आहे. तुम्ही मुंबईतच आहात तर एकदा मलबार हिलला जाऊन या. कमला नेहरू पार्कजवळ मार्च २०२५ मध्ये खुला झालेला ४८५ मीटर लांबीचा उन्नत निसर्गमार्ग झाडांच्या मधून, स्वतःच्या खांबांवर जातो. पानांच्या उंचीवर चालताना झाडाला टेकण्याची गरज भासत नाही, हे शरीराला तिथे कळतं. पायथ्याचे खांब झाडांपासून कसे अंतर राखून आहेत तेही बघा.

मंच किती उंच? दहा-बारा फूट पुरेसे आहेत. आंब्याचा पसारा तिथून सुरू होतो, आणि आई-वडिलांना रुंद पायऱ्यांनी वर येता येतं. कठडा कमरेच्या वर येईल इतका, किमान एक मीटर, आणि गजांमध्ये दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर लहान मुलाचं डोकं अडकतं. फांदी मंचातून जात असेल तर भोवती चार इंच तरी मोकळी जागा सोडा आणि तिथल्या फळ्या स्क्रूने बसवा, म्हणजे खोड जाड होईल तशा कापून मागे घेता येतील. फांदी वर सरकेल ही भीती मात्र धरू नका. झाड शेंड्याला उंच होतं. आज दहा फुटांवर असलेली फांदी वीस वर्षांनीही दहा फुटांवरच असते, फक्त जाड होते. मंच झाडाला चिकटलेला नसण्याचा आणखी एक फायदा आहे. आंब्यावर तांबड्या मुंग्या असतात, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात. त्या झाडावरच्या किडी खातात, त्यांना औषध मारू नये. घर वेगळं असलं आणि टेकणारी कोवळी डहाळी छाटत राहिलात की त्या त्यांच्या जागी राहतात, तुम्ही तुमच्या.

खांबांचे खड्डे हाताने खणा. खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंतचा घेर हा मुळांचा संरक्षित घेर मानतात. साठ सेंटीमीटर जाडीच्या खोडाला तो सव्वासात मीटरच्या आसपास येतो. त्या घेरात यंत्र, रेती-खडीचे ढीग, सिमेंट कालवणं, काही नको. मनगटाएवढं मूळ लागलं तर मूळ तोडायचं नाही, खड्डा सरकवायचा. मुंबईत दर जूनमध्ये गुलमोहर आणि विलायती शिरीष उन्मळून पडल्याच्या बातम्या येतात. त्यातली कित्येक झाडं बुंध्यापर्यंत आलेल्या काँक्रीटने आधीच कमकुवत केलेली असतात. रानात जाऊन आंब्याच्या बुंध्याशी पेव्हर ब्लॉक बसवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका.

काम काढण्याआधी आंबा नीट तपासून घ्या. खोडावर लाकडी हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का, बुंध्याशी भूछत्रं उगवतात का, सालीतून भुसा बाहेर पडतोय का. भुसा म्हणजे खोडकिडा. बांडगूळ असेल तर ते आताच काढून घ्या, त्याने फांद्या वाळतात आणि वाळलेली फांदी मंचावर पडते. तुमच्या ऐनाच्या झाडांशेजारी घर नको, कारण ऐन उन्हाळ्यात पानं झडलेला असतो आणि नेमकी हवी तेव्हा सावली देत नाही. जांभूळ बारमाही हिरवी आहे, पण मे-जूनमध्ये तिच्याखालची प्रत्येक वस्तू जांभळी होते आणि रात्री वटवाघळं येतात. मला स्वतःला ते फार आवडतं. फळ्यांचा रंग गडद ठेवलात तर तुम्हालाही आवडेल. आणि पुढेमागे कोकणात कोणी नारळीवर झाडघर सुचवलं तर ऐकू नका: नारळ, ताड, पोफळ यांचं खोड आंब्यासारखं जाड होत जात नाही, त्यामुळे भोसकलेली जागा कधीच झाकली जात नाही.

आता छप्पर, म्हणजे खरं घर. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटर धरला आणि छप्पर पन्नास चौरस मीटरचं असलं तर चार महिन्यांत त्यावर सव्वा लाख लिटर पाणी पडतं. ते सरळ खाली पडतं असंही नाही, झड आडवी येते. म्हणून उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि पाख भिंतीच्या बाहेर किमान साडेतीन-चार फूट काढा, नैर्ऋत्येला त्याहून जास्त. पन्हाळी शक्यतो लावू नका. झाडाखालच्या घराची पन्हाळी पहिल्याच पावसात पानांनी तुंबते आणि पाणी उलटं वळचणीला शिरतं. पागोळ्या मोकळ्या पडू द्या आणि त्यांच्या रेषेत जमिनीवर दोन फूट रुंद खडीचा पट्टा घाला. त्याने चिखलाचे शिंतोडे लाकडावर उडत नाहीत. पागोळ्यांची ती ओळ पडवीत बसून बघणं हे अशा घराचं सगळ्यात मोठं सुख आहे, ते प्लास्टिकच्या पाइपात का बंद करायचं?

कौलं सुंदर, पण तुमच्या भागात माकडं आहेत आणि ती कौलांवरून पळतात. कौलंच हवीत तर खाली पत्रा घालून वर कौलं बसवा. नुसता पत्रा घातलात तर पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही. त्याखाली हवेची पोकळी सोडून फळ्यांचं छत करा. पश्चिमेच्या अंगाला पावसाआधी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधण्याची जुनी रीत आहे. त्याच जागी बांबूच्या तट्ट्यांच्या काढ-घाल करता येतील अशा चौकटी करा: जूनमध्ये लावायच्या, ऑक्टोबरात काढायच्या.

शनिवार-रविवारच्या घरांचा खरा शत्रू पाऊस नसून बंद दारं असतात. सोमवार ते शुक्रवार घर कुलूपबंद, आत ओल, आणि पुढच्या शनिवारी गादीला बुरशी, कपाटाला वास, भिंतीला काळे डाग. मग लोक रसायनं फवारतात. उपाय बांधकामात आहे. जमीन उंचावर आणि फळ्यांमध्ये बारीक फटी, म्हणजे खालून हवा येते. भिंतींचा वरचा फूटभर भाग वळचणीखाली उघडा, फक्त डासांची बारीक जाळी लावलेला. आढ्याशी झाकलेली झडप, म्हणजे वरून हवा जाते. कुलूप लावल्यावरही घर श्वास घेत राहिलं पाहिजे. आत भिंतीला चिकटून कपाट नको, उघडे कप्पे आणि खुंट्या पुरे. अंथरूण-पांघरूण, पुस्तकं पत्र्याच्या पेटीत. सुंभाच्या किंवा पट्ट्यांच्या खाटेवर पातळ गादी ठेवली तर ती खालून वाळते. फोमच्या जाड गाद्या मुंबईतच राहू द्या.

खोलीचं माप मी दहा बाय बारा फूट सांगेन, आणि तिला लागून दहा फूट खोल पडवी. तुम्हाला हे उलटं वाटेल. ल कार्बुझिए या विसाव्या शतकातल्या मोठ्या वास्तुविशारदाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी १९५१-५२ मध्ये एक लाकडी खोली बांधली: ३.६६ मीटर लांब, तितकीच रुंद, छत २.२६ मीटरवर. स्वयंपाकघरच नाही, कारण शेजारच्या खानावळीत जायला भिंतीतूनच दार होतं. २०१६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या खोलीकडून शिकायचं ते हे की काय काय बाहेर ठेवता येतं याचा विचार आधी करावा. तुमच्या घरात चूल किंवा गॅस पडवीत, जेवण पडवीत, गप्पा पडवीत, दुपारची झोपही पडवीत. खोली फक्त रात्रीची आणि मुसळधार पावसाची. खिडकीची उंबरठी दीड फुटावर घ्या आणि ती दीड फूट रुंद करा, म्हणजे तीच बसायची जागा होते आणि खाटेवर आडवं पडलं तरी फांद्या दिसतात. मुंबईच्या घरात खिडक्या उंच असतात, कारण खाली बघायला समोरची इमारत असते. इथे नजर खाली, गवतापर्यंत जाऊ द्या.

संडास-न्हाणी मंचावर नेऊ नका. जमिनीवर, चार पावलं दूर, वर आकाश दिसेल अशी जांभ्याची न्हाणी बांधा, संडासावर मात्र छप्पर. शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास-साठ फूट लांब, उताराच्या खालच्या अंगाला आणि आंब्याच्या मुळांच्या घेराबाहेर. न्हाणीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा. तिथे जायच्या वाटेवर रात्री टॉर्च आणि पायात बूट हा नियम पाहुण्यांनाही लावा: या भागात घोणस, मण्यार, फुरसं आहे, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते पडवीत लिहून लावलेलं असावं.

जागा कुठली निवडायची ते कोरड्या दिवसांत ठरवू नका. एक मुक्काम जुलैत गावात करा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते डोळ्यांनी बघा. वाडीतल्या ठाकर-कातकरी वडीलधाऱ्यांना विचारा. ओहोळाने वाट कधी आणि कुठे बदलली ते त्यांच्या आठवणीत असतं. तीव्र उताराच्या पायथ्याशी घर नको, मग तिथून दिसणारं दृश्य कितीही मोहक असो. तळिये (जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (जुलै २०२३) या रायगडातल्या दोन दुर्घटनांनंतर तरी डोंगराच्या पोटाशी असलेल्या जागेबद्दल भूशास्त्राच्या जाणकाराला विचारल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. आणि पहिल्याच दिवशी जेसीबी बोलावून सपाटीकरण करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. उताराचा पाय कापला की वरची माती सुटते, वरचा सुपीक थर निघून गेला की पहिल्या पावसात रानमोडीचं तण माजतं, आणि जे झुडुपांचं रान बघायला तुम्ही जागा राखली ते एका दुपारीत जातं. खांबांवरच्या घराला सपाट जमीन लागतच नाही. उताराप्रमाणे खांब लांब-आखूड करायचे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात, पण गांभीर्याने. लाकडाचं आहे, खांबांवर आहे, उचलून नेता येतं, म्हणून परवानगी लागत नाही असं तुम्हाला अनेक विक्रेते सांगतील. त्यावर विसंबू नका. शेतजमिनीवर शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण चाळीस गुंठे जमीन लागते. तुमच्याकडे पन्नास गुंठे आहेत, पण परवानगी घ्यावी लागेलच. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नीट वाचा. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याखालची नोंद असेल तर आधी वकील, मग सुतार. शेजारची जमीन जोडून घ्यायचा विचार असेल आणि ती आदिवासी खातेदाराची असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं आहेत. ती पळवाटा काढण्यासाठी नाहीत. आंबा, जांभूळ, ऐन, साग, हिरडा, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा आपल्या जमिनीतलं झाड आहे म्हणून तोडता येत नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात तुमचं गाव आहे का तेही तहसील कार्यालयात विचारून घ्या.

साहित्याबद्दल माझी आवड स्पष्ट आहे: जुनं लाकूड. मुंबईत चाळी आणि जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा बर्मा सागाच्या तुळया, दारं, जिन्याच्या पायऱ्या निघतात. रे रोडच्या लाकूडबाजारात आणि पाडकाम करणाऱ्यांच्या वखारींत शोधलं तर सापडतात. वर्षानुवर्षं वाळलेलं ते लाकूड वाकत नाही, तडकत नाही. खिळे काढून, रंधा मारून घ्या. खांब गॅल्वनाइज्ड लोखंडाचे चालतील. लाकडाचे असतील तर वाड्यांमध्ये खांबाखाली तळखडा असतो तसा दगड किंवा काँक्रीटचा अर्धा-पाऊण फुटाचा पाया देऊन लाकूड मातीपासून वर उचला. मग वाळवीने मातीचा बोगदा केला तर तो उघड्यावर दिसतो आणि झाडूने पुसता येतो. झिलमिल्या, तट्टे, कठडे यांना बांबू घ्या. सिंधुदुर्गातला माणगा भरीव आणि बिनकाट्याचा, कामाला गुणी. तीन-चार वर्षं वयाचा, थंडीत तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेलाच घ्या, नाहीतर पोरकिडा त्याची पावडर करतो. भिंतींसाठी तुमच्याच भागातल्या कारवी या झुडपाच्या काठ्यांच्या कुडाचा विचार करा, आतून-बाहेरून माती आणि शेणाने लिंपलेला. कारवी मात्र खासगी जमिनीतलीच, वनखात्याच्या हद्दीतली नको. कुड बांधणारे हात वाडीत अजून आहेत आणि त्यांना शहरातल्या सुताराइतकीच मजुरी द्या. लाकडाला चकचकीत पॉलिश नको, ऊन-पावसात त्याचे पापुद्रे निघतात. जवसाचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा.

दिव्यांसाठी एकच मागणं. झाडावर प्रकाश फेकणारे दिवे लावू नका. पावसाच्या तोंडावर, मेअखेरीपासून, अशा झाडांवर काजवे येतात आणि ते एकमेकांना प्रकाशानेच हाका मारतात. आपल्या दिव्यांत त्यांची भाषा बुडून जाते. पायरीच्या उंचीला, खाली तोंड केलेले, पिवळे, मंद दिवे पुरतात.

सुरुवात अशी करा. या पावसात फक्त पाहणी. ऑक्टोबरमध्ये जमीन मऊ असताना खांबांचे खड्डे, डिसेंबरपर्यंत मंच, एप्रिल संपायच्या आत छप्पर पूर्ण, कारण मेमध्ये वळीव कधीही गाठतो. भिंती त्या वर्षी बांधूच नका. पहिला जून-जुलै त्या उघड्या, छप्पर असलेल्या मंचावर मच्छरदाणी लावून काढा. झड कुठल्या बाजूने येते, सकाळचं ऊन कुठे पडतं, कुठल्या कोपऱ्यात आपोआप बसायला जाता, आंबा वाऱ्यात किती डोलतो, हे सगळं खडूने फळ्यांवरच लिहून ठेवा. दिवाळीनंतर सुताराला बोलवा आणि त्या खुणांप्रमाणे भिंती, खिडक्या बसवून घ्या. खर्चही दोन वर्षांत विभागला जाईल. अंदाजपत्रक काढताना रस्ता, पाणी, शोषखड्डा आणि मुंबईहून सामान नेण्याचं भाडं हे आकडे पहिल्या पानावर लिहा. लोक खोलीचा खर्च धरतात आणि इथेच अडकतात. आणि देखभालीसाठी गावातल्याच एका कुटुंबाशी वर्षभराचा मोबदला ठरवून बोलणं करा: आठवड्यातून दोनदा दारं उघडायची, पाखावरची पानं झाडायची, खांब बघायचे.